चाकांवरची चूल

भागाक्काला कोणी सरक म्हटलं की ती पाय रोवून उभी राहायची, आणि थांब म्हटलं की चालायला लागायची. हा स्वभाव होता की व्रत, हे मला अजून उलगडलेलं नाही. भाजीवाल्याने "हात लावू नका बाई" म्हणायचा अवकाश, ती टोपलीतली सगळी वांगी उलटीपालटी करून बघणार आणि शेवटी भेंडी घेऊन जाणार. डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितली, तर त्या दिवसापासून तिची मिश्री वाढली. "त्यानं सांगितलं नसतं तर सोडणारच व्हते मी," असं वर आम्हालाच ऐकवलं. आता अशा बाईला एखाद्या कंपनीने "इथे उभं राहायचं नाही" असं सांगावं, यात मला आधी कंपनीचीच कीव येते.

पूर्ण नाव भागीरथी ओव्हाळ. चिंचवडला आमच्या कंपनीचं मोठं गेट होतं आणि गेटासमोर कुंपण नि डांबरी रस्ता यांच्यामध्ये मोकळ्या जमिनीचा एक पट्टा होता. त्या पट्ट्यात तिची पत्र्याची खानावळ. मी बार्शीहून नोकरीला आलो, पिंपरी कॅम्पात एका खोलीत चौघांबरोबर राहू लागलो आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे जाऊन पोहोचलो. बाजरीची भाकरी, हुलग्याची नाहीतर तुरीची आमटी, खरडा आणि शनिवारी सुकट. वाढायला तिची जाऊ कौसाबाई. कौसाबाई दिवसभरात मोजून चार शब्द बोलत असेल, कारण बाकीचे सगळे भागाक्काने आधीच बोलून ठेवलेले असत. पत्र्याला आतून एकच तसबीर टांगलेली, निळ्या कोटातली. कोणाची ते सांगायला नको. तसबिरीखाली बसून जेवणारा माणूस ताटात अन्न टाकून उठला तर भागाक्का त्याला हाताला धरून परत बसवायची.

तिचा नवरा याच कंपनीच्या फौंड्रीत होता. छातीच्या दुखण्याने गेला. नवरा गेल्यावर कंपनीतल्या एका साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि चांगल्या मनानेच झाडूवालीची नोकरी देऊ केली. मी तिथे नव्हतो, पण ही गोष्ट मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, आणि दर वेळी शब्दाला शब्द तीच, की खरीच असणार. भागाक्का म्हणाली, "साहेब, झाडू माझ्या आजीनं मारला, आईनं मारला. मी दीक्षा घेतलेली बाई हाय. तुमच्या माणसांना मी जेवू घालीन, पर त्यांच्या मागं झाडणार न्हाई." साहेब म्हणाले, विचार करून सांगा. ती म्हणाली, "इचार आजीनंच करून ठेवलाय." आणि महिन्याच्या आत गेटासमोर पत्रे उभे राहिले.

त्या खानावळीचा एक दंडक होता. आत शिरलं की डाव्या हाताला माठ. आधी त्यातलं पाणी प्यायचं, मग बसायचं. हात धुवायला बाहेर वेगळी बादली होती. माठातलं पाणी प्यायचंच. "आदी पाणी, मग भाकर," एवढंच ती सांगायची, कारण विचारलं तरी देत नसे. कारण अर्थात सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाकरी खाऊन जायची, आमटी भुरकायची, पण या घरचं पाणी मात्र टाळायचं, अशी हुशारी करणारे लोक तेव्हा कंपनीत पुष्कळ होते. मी पहिल्या दिवशी पाणी प्यालो ते तहान लागली होती म्हणून. त्यात माझ्या मनाचा मोठेपणा शोधू नये.

नामदेव पडवळचा मात्र शोधण्यासारखा होता. चाकणजवळच्या एका खेड्यातला, चांगल्या शेतकरी घरातला, कंपनीत वेल्डर. हात असा की दोन पत्रे जोडले तर सांधा कुठे आहे ते शोधावं लागे. पण पहिल्या दिवशी तो घरून भरून आणलेला फिरकीचा तांब्या घेऊन आला आणि माठाकडे न बघता सरळ पंगतीत बसला. भागाक्का त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पाणी?"

"आणलंय की घरनं," नामदेव तांब्या दाखवत म्हणाला.

"बरं केलं. भाकर पन आणलीय का?"

"न्हाई. ती तुमची खाणार."

"मंग ती भाकर काय मी कोरड्या पिठाची थापलीय का, राव? त्याच माठातलं पाणी घालून मळलंय. पोटात जाताना वेगळं करून घेणार असशील तर सांग, मला बी शिकव."

सगळी पंगत हसली. नामदेवचे कान लाल झाले. मला वाटलं हा आता उठून जाणार. तो उठलाच, पण माठापाशी गेला, लोटीभर पाणी घटाघटा प्यायला आणि परत येऊन म्हणाला, "गार हाय." भागाक्का म्हणाली, "माठ कुंभाराकडचा हाय, म्हणून गार हाय." त्या दिवसापासून नामदेव तिचा झाला. तो तिला आक्का म्हणायचा आणि ती त्याला नाम्या. ज्यांच्याशी भांडण झालं तेच लोक तिला शेवटपर्यंत पुरले. माझं तिच्याशी कधी भांडण झालं नाही, त्यामुळे मी कायम "ओ बार्शीकर"च राहिलो.

मग सत्तरच्या दशकात केव्हातरी कंपनीने आत स्वतःचं कँटीन काढलं. ठेकेदार नेमला, स्टीलची ताटं आणली, पंखे लावले. सगळं झालं, फक्त जेवायला कोणी जाईना. आमटीत डाळ शोधताना सुट्टी संपायची. ठेकेदाराने वर तक्रार केली आणि वरून हुकूम सुटला तो सुभेदारांकडे. हे सुभेदार म्हणजे आमचे सुरक्षा अधिकारी, लष्करातून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, बोलायला अदबशीर. माणूस वाईट नव्हता. हुकूम आला की त्याचं पालन करायचं, एवढाच त्यांचा दोष, आणि तो दोष त्यांना पगारासकट लागला होता.

सुभेदारांनी पट्ट्यात फक्कीची पांढरी रेघ मारली आणि सांगितलं, "बाई, रेघेच्या आत कंपनीची जमीन आहे. इथे काही उभं करता येणार नाही." खानावळ पाडली. भागाक्काने पत्रे उचलले आणि रेघेला चिकटून बाहेर उभे केले. सुभेदारांनी पुन्हा नकाशा पाहिला आणि रेघ पुढे सरकवली. पत्रे पुन्हा पडले, पुन्हा उभे राहिले. तिसऱ्या वेळी रेघ थेट डांबराला जाऊन भिडली आणि तिथे एक पाटीही लागली: "या जागेत काहीही उभे करू नये. वाहने उभी करू नयेत."

त्या दिवशी भागाक्का पडलेल्या पत्र्यांवर बसली होती. कौसाबाई डोळ्याला पदर लावून भांडी गोळा करत होती. आम्ही दहा-बारा जण उपाशीपोटी भोवती उभे होतो. भागाक्काला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "बार्शीकर, पाटीवर काय लिव्हलंय? नीट वाचा, पदरचं काय घालू नका." मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"उभं करू नये म्हंतोय. चालू नये असं लिव्हलंय का कुठं?"

"नाही."

"मंग झालं तर," ती म्हणाली, आणि पत्र्यांवरून उठली. "उभं हाय ते पाडता येतं. चालतंय ते कसं पाडणार?"

तिथून पुढचा सगळा उद्योग त्या एका वाक्यातून निघाला. तिला हे गेट सोडायचं नव्हतं. चार पावलांवर दुसरी कंपनी होती, तिथे कोणी रेघा मारत नव्हतं. आम्ही तसं सुचवूनही पाहिलं. ती म्हणाली, "माझा नवरा ह्या गेटातनं आत गेला नि खोकत भायेर आला. तुमी मला दुसरं गेट दावता व्हय?" 

लष्कराच्या लिलावातून एका भंगारवाल्याने जीपच्या जातीची जुनी पिकअप घेतली होती. ती भागाक्काने त्याच्याकडून उचलली. नवऱ्यामागे गळ्यातून उतरलेले मणी ट्रंकेत पडून होते, ते त्या पिकअपच्या गिअरबॉक्सात गेले. आम्हाला वाटलं, आता पिकअपच्या मागच्या हौद्यात चूल मांडली की झालं. नामदेवने कपाळाला हात लावला. हौद्याच्या खालीच पेट्रोलची टाकी. "वर जाळ नि खाली पेट्रोल. आक्का, एकदाच जेवायला घालशील सगळ्यांना," तो म्हणाला. तेव्हा असं ठरलं की चूल वेगळ्या गाडीवर ठेवायची आणि ती गाडी पिकअपने ओढायची.

ओढायला गाडी नामदेवच्या घरी होती. त्याच्या वडिलांनी, आबांनी, हौसेने रबरी टायरची बैलगाडी करून घेतली होती. पुढे बैल म्हातारे झाले, मुलं कंपन्यांत लागली आणि ती गाडी गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली. आबांनी ती देऊन टाकली. भागाक्काकडून काही घ्यायला ते तयार नव्हते, आणि फुकट घ्यायला भागाक्का तयार नव्हती. शेवटी वर्षभर दर शनिवारी नामदेवच्या डब्यातून सुकट घरी जाईल, असा तह झाला.

भोसरीला नामदेवच्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे रविवारी रविवारी पिकअपची तयारी सुरू झाली. मी तिथे का जात होतो हे मलाही सांगता येणार नाही. बहुधा भागाक्का तिथेच स्टोव्हवर जेवण करायची म्हणून. मला वाटलं होतं, मागच्या बंपरला एक हूक जोडला की काम संपलं. मी तसं बोललोही. नामदेव म्हणाला, "बंपर म्हंजी मिशी. मिशीला धरून कुणाला वढता येतं का? दोर कमरेला बांधाय लागतो." मग त्याने गाडीखाली झोपून चासीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या बोल्ट केल्या, त्यांच्यावर आडवी पट्टी टाकली आणि मधोमध हुकाची जाड प्लेट वेल्ड केली. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवला. बैलगाडीचं जू काढून तिथे बसवायला लोखंडी नळ्यांची त्रिकोणी दांडी केली. दांडीच्या खालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून नेल्या, म्हणजे दांडी हुकाला जोडणारा खिळा चुकून निघालाच तर ती रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. आरसे लांब दांड्यांवर बाहेर काढले. बैलगाडीला दोरीचा ब्रेक होता, त्याच दोरीला जोड देऊन ती थेट केबिनपर्यंत आणायची असं ठरलं. भागाक्का प्रत्येक बोल्टपाशी जाऊन विचारायची, "ह्यो कशापायी?" आणि उत्तर पटलं नाही तर नामदेवला तो बोल्ट काढून पुन्हा बसवायला लावायची.

मधल्या काळात ती गाडी चालवायला शिकत होती. सांगवीला नदीकाठी मोकळं रान होतं, तिथे नामदेवचा मावसभाऊ तिला घेऊन जाई. बाई गाडी चालवते ही बातमी पसरल्यावर सांगवीतली पोरंसोरंच नव्हे, चांगले मिशाळ बाप्येही बघायला जमू लागले. सरळ चालवायला तिला वेळ लागला नाही. गंमत पुढे झाली. हूक लागल्यावर सरावासाठी मागे एक जुना गाडा जोडला, आणि तो घेऊन उलटं जायचं म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडे. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडा उजवीकडे जातो. जमलेले लोक दोन्ही बाजूंनी ओरडून सल्ले देत होते. भागाक्काने इंजिन बंद केलं, खाली उतरून सगळ्यांना नदीच्या वाटेला लावलं आणि परत येऊन गाडा पहिल्याच झटक्यात दोन बाभळींच्या मधोमध नेऊन उभा केला. मावसभाऊ चकित झाला. ती म्हणाली, "लोक म्हंतील त्याच्या उलटं वळवायचं, की आपलं सरळ जातं. ह्ये मला शिकवाय नगं, जलमभर तेच केलंय." लायसनही तिने काढलं.

मग एका रविवारी आम्ही आबांकडून गाडी आणायला गेलो. नामदेवने दांडी बसवली, ब्रेकची दोरी जोडून केबिनपर्यंत आणली. आबांनी गाडीत सरपण भरलं, बाजरीची पोती घातली, आणि हे सगळं मोठ्या प्रेमाने मागच्या बाजूला रचलं. "हुकावर भार नगं," ते म्हणाले, "बैल असू दे न्हाईतर मोटार, मान ती मान. तिला सुखात ठेवावं." नामदेवने मान डोलावली, भागाक्काने डोलावली, शेजारपाजारच्यांनी डोलावली. पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या मानेची काळजी केलेली माणसं ती. मोटारीला मान नसते हे त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानात येणार?

निघालो. भागाक्का चालवायला, शेजारी मी, मागे हौद्यात नामदेव आणि आबा. सपाटीवर सगळं ठीक होतं. मोशीला इंद्रायणीकडचा उतार लागला, गाडीने थोडा वेग घेतला आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं. आरशात पाहिलं तर बैलगाडी एकदा डावीकडे जात होती, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त. तिच्याबरोबर पिकअपचंही ढुंगण हलायला लागलं. सरपण रस्त्यावर उडत होतं. आबा देवाचं नाव घेत होते आणि नामदेव देवाचं सोडून बाकी सगळं. मी डोळे मिटून घेतले.

"ओ बार्शीकर, झोपता काय, दोरी वढा," भागाक्का म्हणाली. आवाज चढलेलासुद्धा नव्हता. तिने पाय पेट्रोलवरून काढला होता आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं होतं. मी दोरी ओढली. मागची चाकं आवळली गेली, साखळ्या ताणल्या, ते हेलकावे कमी होत गेले आणि आम्ही पुलाच्या अलीकडे कडेला जाऊन थांबलो. खिळा जागेवर होता. नामदेवने खाली उतरून आधी खिळ्याला हात लावला आणि मग रस्त्याकडेला जाऊन बसला.

तिथे जी भांडणं झाली ती लिहिण्यासारखी नाहीत. आबा म्हणाले दांडी वाकडी, नामदेव म्हणाला टायर लहानमोठे, मी म्हणालो परत जाऊया. भागाक्का कोणाशीच न बोलता रिकामी घागर घेऊन नदीवर गेली, कारण रेडिएटर तापला होता. भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती चढ चढून आली, पण घागर उतरवेना. तशीच आमच्यासमोर उभी राहिली.

"खाली जाताना माझी चाल बघितली का? रिकामी घागर हातात, नि मी आपली झुलत चाललेली. आता बघा." ती आमच्यासमोरून सरळ रेषेत चालत गेली आणि परत आली. "डोक्यावर वझं आलं की बाई सरळ चालती. ह्या गाडीच्या मानेवर आपन कायबी ठेवलेलं न्हाई. मंग ती झुलंल न्हाईतर काय करंल?"

आबांना हे मुळीच पटलं नाही. पण भागाक्काने सगळी पोती पुढे ओढून दांडीपाशी रचली. त्याचा परिणाम असा झाला की पिकअप मागून बसली, तोंड वर झालं आणि पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकल्यासारखी झाली. स्टिअरिंग फिरवावं तर गाडी ऐकेना. आबांना तेवढंच समाधान. "अती झालं," भागाक्काने कबूल केलं, आणि हे मी तिच्या तोंडून एकदाच ऐकलं. मग निम्मी पोती मागे, निम्मी पुढे, असं करत करत बहुतेक ओझं चाकांवर आणि थोडं हुकावर असं बसवलं, तेव्हा गाडी निमूटपणे मागे आली. पुढे पाण्याचं पिंप चाकांच्या किंचित पुढे, भाकरीची पाटी मध्ये आणि चूल सर्वांत मागे, ही मांडणी त्या दिवशीच ठरली. हल्लीची मंडळी खांद्यावर काही घ्यायचं नाही म्हणतात आणि हेलकावे खातात, तेव्हा मला मोशीचा उतार आठवतो. पण असं बोललं की मी म्हातारा झालो असं घरात म्हणतात.

पहिल्या दिवशी जेवणाच्या भोंग्याला भागाक्काची पिकअप पट्ट्यात शिरली. भाकरी रस्त्यापलीकडे झाडाखाली भाजून झालेल्या होत्या, चुलीत नुसता निखाऱ्यांचा आर ठेवलेला, वर आमटीचं पातेलं. गाडीवर कौसाबाई मांडी घालून बसली होती. सुभेदार शिट्टी वाजवत आले.

"बाई, इथे उभं करता येणार नाही."

"उभी कुठं हाय? बघा की चाकं."

चाकं खरोखरच फिरत होती. पहिल्या गिअरमध्ये, बैलालाही लाज वाटेल अशा चालीने, गाडी कुंपणाकडेने निघाली होती. आम्ही शेजारून चालू लागलो. आधी पिंप, लोटीभर पाणी प्यायचं. मग पाटीतली भाकरी उचलायची. मग मागे जाऊन कौसाबाईकडून आमटी घ्यायची. चालता चालता जेवायचं. "आक्का, हळू, आमटी सांडतीय," नामदेव ओरडायचा. "मंग जोरात खा," ती केबिनमधून उत्तर द्यायची. पट्टा संपला की ती गाडी उलटी घेऊन वळवायची आणि पुन्हा त्याच चालीने परत. सुभेदार शेजारून शिस्तीत पावलं टाकत चालायचे, गाडी कुठे थांबते का ते बघत. ती थांबली नाही. असं ते आठवडे नि महिने चाललं. ठेकेदार आपली स्टीलची ताटं घेऊन निघून गेला, कँटीन बंद पडलं, तरी हुकूम काही मागे घेतला गेला नाही. हुकूम देणारे साहेब तोवर बदलून गेले होते आणि नव्यांना तो कशासाठी दिला होता हेच माहीत नव्हतं. भागाक्काला कोणी म्हटलं, अर्ज करा, आता थांबायची परवानगी मिळेल. ती म्हणाली, "मागून घेतलेली जागा मला नगं."

ती थकत चालली होती हे मला दिसत होतं. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा तापायचा, क्लचवर पाय धरून धरून डावा गुडघा सुजायचा. ती लंगडत उतरायची आणि कोणी गुडघ्याकडे पाहिलं की त्यालाच कामाला लावायची. एका चांगल्या बाईला रोज एका पट्ट्यातून येरझारा घालायला लावण्यात इतक्या मोठ्या कंपनीला काय मिळालं, याचा मला आजही राग येतो.

ऐंशी साल उलटून गेल्यावर कंपनीने टाळेबंदी केली. सकाळी पाळीवर आलो तर गेटाला भलं मोठं कुलूप. पोरं गेटासमोर बसली, एकदा बसली ती बसलीच. महिने गेले. पहिल्यांदा गावाकडचे गावाला गेले, मग काहींनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या. मलाही नाशिकला काम मिळालं. नामदेव बसून राहिला. भागाक्का रोज येत होती. जेवायला आता कामगारच नव्हते, नुसती बसलेली माणसं होती. चाकणकडच्या गावांतून त्यांच्यासाठी बाजरी, कांदे, सरपण निघत होतं, पण आणायला गाडी नव्हती. पिकअप न्यायची तर चूल मागे लटकलेली. ती सोडून ठेवायची तर उभी राहणार, आणि उभी राहिली की जप्त होणार. इतकी वर्षं तिने त्या पट्ट्यात हूक कधी सोडला नव्हता.

नाशिकला जायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ. सुभेदार एकटेच गेटावर होते. हाताखालची माणसं कमी केलेली, मिशा पांढऱ्या झालेल्या. भागाक्काची गाडी नेहमीच्या चालीने आली, कुंपणाकडेने पुढे गेली आणि बरोबर गेटासमोर येऊन थांबली. पहिले पत्रे उभे होते तिथे. इंजिन बंद झालं. इतक्या वर्षांत मी त्या पट्ट्यात ते इंजिन बंद झालेलं ऐकलं नव्हतं. बसलेली पोरं एकेक करून उठून उभी राहिली.

भागाक्का उतरली. चाकांना दगड लावले. दांडीखाली लाकडी टेकू दिला, साखळ्या सोडल्या आणि खिळा ओढून काढला. मग पिकअपची किल्ली नामदेवच्या हातात दिली आणि म्हणाली, "जा. दिवस बुडायच्या आत ये. आबांना सांग, आक्कानं बोलावलंय जेवायला."

पिकअप गेली. चुलीची गाडी एकटीच उभी राहिली, पाण्याने भरलेलं पिंप, पोतं, सरपण आणि कौसाबाई यांच्यासकट. सुभेदार हळूहळू चालत आले. पाटी अजून तिथेच होती, रंग उडालेली.

"बाई," ते म्हणाले, "इथे उभं करता येणार नाही."

भागाक्काने पदर खोचला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "मंग ढकला," ती म्हणाली.

सुभेदारांनी गाडीकडे पाहिलं. गेटाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. आम्ही कोणी जागचे हललो नाही. मग ते वळले आणि आपल्या चौकीत जाऊन बसले.

भागाक्का गाडीवर चढली. चुलीत काटक्या सारल्या, फुंकर घातली, तवा चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पट्ट्यात पुन्हा जाळ झाला होता. परातीत पीठ घेऊन ती बसली ती गेटाकडे पाठ करून, आणि भाकरी थापायला लागली. भाकरी थापल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हा.